कोठ्यातली आरएक्स: जुनी यामाहा पारखणं, उभी करणं आणि तिचं मोल ठरवणं

मामा गेले, त्याच्या दुसऱ्या वर्षी वैशाखात आम्ही त्यांचा कोठा रिकामा केला. कुटाराच्या ढिगामागे, फवारणीच्या दोन फुटक्या पंपांच्या आणि पऱ्हाटीच्या मोळ्यांच्या आड त्यांची १९८८ ची यामाहा आरएक्स १०० उभी होती. सीटमध्ये उंदरांनी घर केलेलं, टाकीचं झाकण गंजून बसलेलं. किकवर पाय ठेवला तर दगडावर ठेवल्यासारखा. ती गाडी पुन्हा रस्त्यावर यायला मला चौदा महिने लागले. त्यातले निदान पाच महिने कामांचा क्रम चुकल्यामुळे वाया गेले. आधी रंग केला, मग इंजिन खोललं, आणि कागद काढायला बसलो ते अगदी शेवटी. पुढे आणखी तीन गाड्या हातून गेल्या, त्यातली एक राजदूत ३५०. ज्या क्रमाने काम करायला हवं होतं, तो क्रम इथे लिहितो आहे.

जपानी स्पोर्ट्‌स मोटारींचा छंद जगभर आहे. टोयोटा २००० जीटी या मोटारी १९६७ ते १९७० या काळात अवघ्या ३५१ निघाल्या, आणि २०१३ मध्ये त्यातली एक लिलावात दहा लाख डॉलरच्या वर गेली. ती मोटार टोयोटाने ज्या कंपनीच्या जोडीने घडवली ती यामाहा. आपल्या गावखेड्यात त्या मोटारी कधी आल्या नाहीत, पण त्याच यामाहाची दोनचाकी आली. १९८३ मध्ये एस्कॉर्ट्‌सने फरिदाबादहून राजदूत ३५० काढली. ती म्हणजे यामाहाची आरडी ३५०: ३४७ सीसी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक (पेट्रोलसोबत ऑइलही जाळणारं इंजिन), सहा गिअर. १९८५ च्या अखेरीस आरएक्स १०० आली: ९८ सीसी आणि ११ अश्वशक्ती. सुरुवातीच्या गाड्या जपानहून आलेले सुटे भाग इथे जोडून बनत. १९९६ मध्ये ती बंद झाली. यवतमाळ, वाशिम, बुलडाण्याच्या कित्येक वाड्यांत या गाड्या आजही कुठेतरी पडून आहेत, आणि दरवर्षी त्यातल्या काही भंगारवाल्याच्या बंडीत जातात. हे थांबावं असं मला मनापासून वाटतं.

पहिल्यांदाच हात घालणाऱ्याने आरएक्स घ्यावी. एकच सिलिंडर, एकच कार्ब्युरेटर, सीडीआय इग्निशन (ठिणगी पाडणारी इलेक्ट्रॉनिक पेटी) आणि तालुक्याच्या दुकानातही मिळणारे सुटे भाग. राजदूत ३५० मध्ये बोर (सिलिंडरची आतली पोकळी), पिस्टन, कार्ब्युरेटर सगळं दुप्पट. तिचे पॉइंट (ठिणगी कधी पडायची ते ठरवणारे संपर्क) जुळवायला डायल गेज, म्हणजे केसभर फरक दाखवणारं काट्याचं मापयंत्र, लागतं आणि मूळ भाग शोधण्यात वर्षं जातात. तिच्यावर प्रेम करा, पण सुरुवात तिच्यापासून करू नका.

आधी कागद

गाडी बघायला जाताना नट खोलायचे पाने घेऊन जाण्याआधी आरसी बुक मागा. कागद नसलेली गाडी कितीही देखणी असली तरी ती सुट्या भागांची रास आहे, आणि तिची किंमत त्याच हिशेबाने करायची.

१ जुलै १९८९ ला नवा मोटार वाहन कायदा लागू झाला. त्याआधीच्या गाड्यांवर एमएच-२९, एमएच-२७ असले नंबर नसून जुन्या मालिकेतले आहेत, आणि नोंद हाताने लिहिलेल्या रजिस्टरमध्ये आहे. ती नोंद संगणकावर चढलेली नसते. आरटीओ कार्यालयात त्याला ‘बॅकलॉग एंट्री’ म्हणतात. मूळ आरसी बुक, मालकाचं ओळखपत्र आणि जुना विमा किंवा कर भरल्याची पावती मिळाली तर ते काम होतं. फक्त फेऱ्या माराव्या लागतात. कार्यालयात जाण्याआधी घरातली जुनी पत्र्याची पेटी उपसा. मामीच्या लग्नातल्या साडीच्या घडीत मला १९८८ ची खरेदीची पावती सापडली. कार्यालयात ती उपयोगी पडलीच, पण पुढे गाडीचं मोल ठरवतानाही पडली.

मालक हयात नसेल तर वारसाच्या नावावर गाडी चढवायला आरटीओचा अर्ज, नमुना ३१, लागतो. मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची संमती सोबत जोडावी लागते. आपल्याकडे बहिणी-भावंडांत तोंडी ठरलेलं असतं, पण कार्यालयाला सही लागते. ती सही गाडी सजण्याआधी घ्या. गाडी चमकायला लागली की नात्यांत नको ते प्रश्न निघतात, हे मी दोन घरांत पाहिलं आहे. विकत घेत असाल तर नमुना २९ आणि ३०. गाडी दुसऱ्या जिल्ह्यातली असेल तर नमुना २८ वर ना-हरकत. जुन्या बुकात बँकेचा किंवा पतसंस्थेचा बोजा चढलेला असेल, तर तो उतरवायला नमुना ३५.

नोंदणीची मुदत पंधरा वर्षांची. पुढे दर पाच वर्षांनी नमुना २५ भरून, गाडी दाखवून ती वाढवावी लागते आणि पर्यावरण कर भरावा लागतो. नोंदणी वाढवण्याचं शुल्क १ एप्रिल २०२२ पासून बरंच वाढलं आहे आणि उशिराचा दंड महिन्यागणिक चढतो. म्हणून गाडी विकत घेण्याआधी थकबाकीचा आकडा कार्यालयातून काढून घ्या. तो किमतीतून वजा होतो. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेटही लावावी लागते. जुनी हाताने रंगवलेली पाटी काढून जपून ठेवा.

‘व्हिंटेज’ हा शब्द विक्रेते सढळ हाताने वापरतात. २०२१ च्या नियमानुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झाल्याशिवाय दोनचाकी असो वा मोटार, ती व्हिंटेज होत नाही. म्हणजे १९८३ ची राजदूत २०३३ मध्ये आणि मामांची आरएक्स २०३८ मध्ये. त्या नोंदणीसाठी गाडी मूळ रूपात असावी लागते, चॅसी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा बदल झालेला चालत नाही. आज आपण जे कापतो, जोडतो, बदलतो, त्याचा हिशेब आणखी दहा-बारा वर्षांनी होणार आहे. हे डोक्यात पक्कं बसलं की पुढचे बरेच निर्णय सोपे होतात.

गाडी बघताना

सकाळी जा, उजेडात. मालकाला आधीच सांगा की गाडी धुऊ नका. धुतलेल्या गाडीवर तेल कुठून झिरपतं ते दिसत नाही.

प्रथम नंबर. चॅसीचा नंबर हँडलच्या खालच्या पाइपवर कोरलेला असतो, इंजिनचा इंजिनच्या केसवर. दोन्ही बुकाशी अक्षर-अक्षर जुळवा. पेन्सिल आणि पातळ कागदाने छाप घ्या. नंबराभोवतीचा पत्रा घासल्यासारखा गुळगुळीत असेल, एखादा अंक तिरका किंवा बाकीच्यांपेक्षा खोल असेल, तर चहा पिऊन उठा आणि परत या. त्या गाडीला हात लावू नका.

मग मागे दहा पावलं जाऊन उकिडवे बसा आणि दोन्ही चाकं एका रेषेत दिसतात का ते बघा. आपल्याकडच्या आरएक्सने दुधाचे कॅन वाहिले आहेत, सरकीची आणि खताची पोती वाहिली आहेत. त्या ओझ्याने सीटखालची चौकट वाकते, शॉकअपच्या बोल्टाची भोकं लांबट होतात. हे दुरुस्त होतं, पण स्वस्तात होत नाही. छोटं लोहचुंबक फडक्यात गुंडाळून टाकीवर फिरवा. जिथे ते सुटतं तिथे रंगाखाली पुट्टी आहे.

इंजिन जाम आहे म्हणून घाबरू नका. वर्षानुवर्षं उभी राहिलेली गाडी बहुधा पिस्टन-रिंगवरच्या गंजाने अडकलेली असते. घाबरायचं ते फुटलेल्या केसला आणि वेल्डिंगच्या खुणांना.

गाडी चालू असेल तर धुराकडे नीट बघा. टू-स्ट्रोक थंड असताना धूर काढणारच. गरम होऊन दहा मिनिटं झाली तरी पांढरा दाट धूर येत असेल आणि गिअर ऑइल कमी होत असेल, तर क्लचच्या बाजूचं क्रँकचं (पिस्टनच्या ये-जाने फिरणाऱ्या दांड्याचं) सील गेलं आहे. ॲक्सिलरेटर सोडल्यावरही इंजिन आपोआप चढत असेल तर मॅग्नेटच्या (वीज बनवणाऱ्या चाकाच्या) बाजूचं सील हवा ओढतं आहे. दुसरा दोष जास्त वाईट, कारण मिश्रणात हवा जास्त झाली की पिस्टन जळतो.

सुट्या भागांपैकी काय मूळचं आहे ते टिपून ठेवा: टाकी, साइड कव्हर, मीटर, हेडलाइटची वाटी, क्रोमचे मडगार्ड, मिकुनी छापाचा कार्ब्युरेटर, स्विच, रिम, सायलेन्सर. सायलेन्सर सगळ्यात आधी बघा. आवाजासाठी पोरांनी आतली जाळी काढून टाकलेली असते किंवा भलताच पाइप लावलेला असतो, आणि मूळ सायलेन्सर आता कष्टाने मिळतो. मी स्वतः मामांच्या गाडीचा गंजलेला सायलेन्सर आणि मागचा मडगार्ड पहिल्याच आठवड्यात भंगारात दिला. दोन्ही वाचले असते. आज त्या जागी बाजारचे भाग आहेत आणि ती जागा मला रोज दिसते.

किती द्यावेत

विकणारे काय मागतात त्यावर जाऊ नका. मागणीचे आकडे फोनवर भराभर फिरतात, प्रत्यक्ष सौदा कितीला झाला ते मात्र मिस्त्री, आरटीओजवळचे एजंट आणि विकून मोकळा झालेला माणूस यांनाच माहीत असतं. आपल्या जिल्ह्यात आणि शेजारच्या दोन जिल्ह्यांत गेल्या वर्षभरात झालेले तीन-चार सौदे विचारून काढा. कागद पक्के, इंजिन चांगलं, दिसायला नीटनेटकी अशी गाडी कितीला गेली, हा तुमचा पाया.

त्या पायातून उलटं मोजत या. समजा, अशी गाडी नव्वद हजाराला जाते. तुमच्यासमोरच्या गाडीला इंजिनचे बारा हजार, रंग-क्रोमचे पंधरा, टायर-केबल-ब्रेकचे आठ आणि कागदांचे पाच लागतील. चाळीस झाले. त्यावर चौथा हिस्सा न दिसणाऱ्या खर्चाचा धरा, कारण इंजिन उघडल्यावर काहीतरी निघतंच. पन्नास झाले. म्हणजे या गाडीला चाळीस हजारांच्या वर जायचं नाही. हे आकडे फक्त रीत दाखवायला घेतले आहेत. तुमच्या मिस्त्रीचा आणि तुमच्या गावचा भाव तुम्ही भरा.

मग मूळपणाचा हिशेब. मूळ सायलेन्सर, मूळ मीटर, घासलेला पण कंपनीचाच रंग, पहिल्या मालकाची पावती, टूलकिट आणि सर्व्हिस बुक या गोष्टींसाठी पायाच्या वर द्यायला हरकत नाही, कारण त्या नंतर पैसे टाकूनही येत नाहीत. उलट नवा चकचकीत रंग, अलॉय चाकं किंवा डिस्क ब्रेक लावले म्हणून कोणी जास्त मागत असेल तर ते देऊ नका. ते काढून मूळ भाग बसवायचा खर्च तुमच्याच खिशातून जाणार आहे.

राजदूतच्या बाबतीत आणखी एक गोष्ट बघा. ती दोन रूपांत आली: आधीची एचटी (हाय टॉर्क), ३०.५ अश्वशक्तीची, आणि मायलेजची ओरड झाल्यावर आलेली एलटी (लो टॉर्क), २७ ची. एचटीला जास्त मागणी असते, म्हणून एलटीचं सामान बदलून ती एचटी म्हणून खपवली जाते. सांगणाऱ्याच्या शब्दावर न राहता हे इंजिन कोळून प्यालेला मिस्त्री सोबत न्या.

खोलण्याआधी फोटो

हे थोडक्यात. प्रत्येक नट काढण्याआधी फोटो, काढल्यावर पिशवी, पिशवीवर चिठ्ठी. पुसट न होणाऱ्या पेनाने लिहा. माझ्या पहिल्या चिठ्ठ्या डिझेलने धुऊन गेल्या. वायरिंगचे फोटो हवे त्याहून तिप्पट काढा. गाडी उभी होईपर्यंत तिचा एकही तुटका भाग घराबाहेर जाऊ देऊ नका. नवा भाग जुन्याशेजारी ठेवून बघितल्याशिवाय तो बरोबर आहे की नाही ते कळत नाही.

इंजिन

इथे वेळ द्या. रंग चुकला तर पुन्हा करता येतो. बोर चुकला तर सिलिंडर जातो.

जाम इंजिन सोडवायला प्लग काढून त्या भोकातून डिझेल आणि थोडं पातळ ऑइल ओता. तीन-चार दिवस ठेवा, रोज थोडं वाढवा. मग गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून मागचं चाक हाताने पुढे-मागे हलवा, अगदी हळू. किकवर उभं राहून जोर करू नका, त्याने किकचे दाते तुटतात. सुटत नसेल तर हेड काढा आणि पिस्टनवर लाकडाचा ठोकळा ठेवून हलक्या हाताने ठोका.

सिलिंडर निघाला की पिस्टन सगळ्यात वर आणून कनेक्टिंग रॉड धरा आणि वर-खाली हलवा. आडवा किंचित हलला तर चालेल. वर-खाली जरासाही ढिला लागला तर रॉड किट बदलावंच लागेल, आणि त्यासाठी क्रँक दाबून उघडावा लागतो. हे काम कोणत्याही लेथवर होत नाही. क्रँक पुन्हा जोडल्यावर त्याची ‘आऊट’ (फिरतानाची डगमग) डायल गेजने मोजून ०.०३ मिलिमीटरच्या आत आणणारा माणूस हवा. आमच्या भागात त्यासाठी मी यवतमाळ सोडून अमरावतीला गेलो, आणि त्या दिवसाच्या एसटीच्या तिकिटाचं मला कधी दुःख वाटलं नाही. क्रँक उघडला की दोन्ही बेअरिंग आणि दोन्ही सील नवेच टाका, जुने चांगले दिसले तरी.

बोरबद्दल दारव्ह्याच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकाकांनी मला एकच वाक्य सांगितलं: “भाऊ, पयले पिस्टन आन, मंग बोर पाहू.” आरएक्सचा मूळ बोर ५० मिलिमीटर. झिजल्यावर तो ०.२५, ०.५०, ०.७५ आणि शेवटी १ मिलिमीटरने वाढवतात. बरेच जण आधी बोर मारून घेतात आणि मग त्या मापाचा पिस्टन शोधतात. पण एकाच मापाच्या दोन पिस्टनांतही किंचित फरक असतो. पिस्टन हातात घेऊन, मोजून, त्याला हवी तेवढीच जागा ठेवून बोर मारायचा. आणि जितक्या लहान मापात भागेल तितक्यात भागवा. पहिल्याच बोरला थेट १ मिलिमीटर गेलात तर त्या सिलिंडरचं आयुष्य एका फटक्यात संपवलंत.

बोर झाल्यावरची एक पायरी हमखास राहून जाते. टू-स्ट्रोकच्या सिलिंडरला बाजूला मिश्रण आणि धूर ये-जा करायच्या खिडक्या असतात. बोर मारला की त्यांच्या कडा सुरीसारख्या धारदार होतात. बारीक पॉलिश पेपरने किंवा हातातल्या ग्राइंडरने त्या कडा किंचित गोल कराव्या लागतात, नाहीतर रिंग तिथे अडकते. माझ्या दुसऱ्या गाडीच्या वेळी लेथवाल्याने ते केलं नाही आणि मीही बघितलं नाही. रिंग तुटली, तुकडा पिस्टनच्या माथ्यात रुतला, आणि भर एप्रिलात दुपारी दोन वाजता दारव्हा-यवतमाळ रस्त्यावर मागचं चाक एकदम जाम झालं. वेग कमी होता म्हणून हात-पाय शाबूत आहेत. तेव्हापासून सिलिंडर घेताना मी आत बोट फिरवून बघतो. बोटाला धार लागता कामा नये.

जोडताना पिस्टनवरचा बाण सायलेन्सरच्या बाजूला. रिंगचं तोंड खाचेतल्या पिनवर नेमकं बसलेलं. पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनचे दोन्ही सर्कलिप (ती धरून ठेवणाऱ्या कड्या) नवे. कार्ब्युरेटरमागचा रीड व्हॉल्व्ह (मिश्रण फक्त आत जाऊ देणारी पातळ पाती) उजेडाकडे धरून बघा. पात्यांच्या कडा तुटलेल्या किंवा उचललेल्या असतील तर बदला.

मग एक चाचणी, जी गावात कोणी करत नाही आणि मी आता कधी चुकवत नाही. सायलेन्सरचं आणि कार्ब्युरेटरचं तोंड जुन्या ट्यूबच्या रबराने घट्ट बंद करा. ऑइल पंपाकडून येणारी नळीही बंद करा. एका रबरात सायकलचा व्हॉल्व्ह बसवून, दाब दाखवणारं गेज लावून हातपंपाने ६ पीएसआय दाबाची हवा भरा, जास्त नाही, नाहीतर सील उडून बाहेर येतील. काटा सहा मिनिटं हलला नाही तर इंजिन बंदिस्त आहे. हलला तर साबणाचं पाणी लावून बुडबुडा कुठे येतो ते शोधा. ट्यूब, व्हॉल्व्ह आणि गेज एवढ्याच सामानात नव्या पिस्टनचा खर्च वाचतो.

टाकी आणि आजचं पेट्रोल

टाकीतला गंज काढायला वाळू-खडी घालून हलवायची जुनी पद्धत आहे. पातळ झालेल्या पत्र्याला ती मारक ठरते. किराणा दुकानातलं लिंबूसत्व म्हणजे सायट्रिक ॲसिड कोमट पाण्यात घालून टाकी भरा, एक-दोन दिवस ठेवा, मग धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा आणि लगेच, अगदी लगेच, उन्हात वाळवून आत पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑइल फिरवा. ओल्या टाकीला तासाभरात पुन्हा गंज चढतो. वैशाखातलं आपलं ऊन इथे मोठं कामाला येतं.

पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. या गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. जुन्या रबराच्या नळ्या फुगतात, पेट्रोल नळाचं पॅकिंग विरघळतं, आणि इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. सगळे रबरी भाग नव्या, इथेनॉल सोसणाऱ्या जातीचे टाका. मिश्रणही थोडं पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), म्हणून मेन जेट, म्हणजे कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सोडणारं भोक, बहुधा एक नंबर मोठा लागतो. प्लग बघून ठरवा: त्याच्या टोकाजवळचं पोर्सेलिन (चिनी मातीचा भाग) बिस्किटाच्या रंगाचं हवं. पांढरं फटक असेल तर थांबा, पिस्टन तापतो आहे. उन्हाळ्यात जुळवलेला जेट पौष-माघातल्या पहाटे पुन्हा तपासा. थंड हवा दाट असते, त्याच जेटवर गाडी तेव्हा पातळ चालते.

वायरिंग, चाकं, ब्रेक

उंदरांनी खाल्लेली वायर जोडत बसू नका, हार्नेस (वायरींचा अख्खा जुडगा) नवा टाका. स्पार्क येत नसेल तर सीडीआयवर खर्च करण्याआधी चावीचा स्विच आणि चॅसीचं अर्थिंग तपासा, दोष बहुधा तिथेच सापडतो. आरएक्स बॅटरीशिवाय सुरू होते, राजदूतला मात्र बॅटरी लागते. तिचे पॉइंट ०.३ ते ०.४ मिलिमीटर उघडावेत आणि ठिणगी पिस्टन माथ्याला पोहोचण्याच्या २ मिलिमीटर आधी पडावी, दोन्ही सिलिंडरला सारखीच. अंदाजाने हे जुळत नाही.

मूळ रिम सरळ होत असेल तर तोच ठेवा, स्पोक नवे घाला आणि चाक जाणत्या माणसाकडून बांधून घ्या. ब्रेकच्या बाबतीत मात्र मूळपणाचा हट्ट नको. लाइनर, केबल, टायर सगळं नवं. राजदूतला जपानी आरडीसारखी पुढची डिस्क नव्हती, ड्रमच होता. तो वेगाच्या मानाने कमी पडतो, हे लक्षात ठेवूनच ती चालवायची.

रंग सगळ्यात शेवटी

आधी जुना रंग वाचतो का ते बघा. मऊ फडक्याने आणि रबिंग कंपाउंडने एक कोपरा घासा. खाली कंपनीचा रंग जिवंत असेल, भले ओरखडे असतील, तर गाडी रंगवू नका. ओरखडे हा तिचा इतिहास आहे आणि जाणकार खरेदीदार त्याचेच पैसे देतो. क्रोमवरचा वरवरचा गंज ॲल्युमिनियम फॉइल पाण्यात बुडवून घासला तर निघतो. हे मला माहीत असतं तर मामांचा मडगार्ड आज गाडीवर असता.

रंगवावंच लागलं तर जुना रंग पूर्ण उतरवून, प्रायमर लावून, मूळ छटेचा नमुना साइड कव्हरच्या आतल्या बाजूवरून घ्या. तिथे ऊन लागलेलं नसतं. पावसाळ्यात रंग मारू नका, ओलीने तो पांढुरका पडतो. दिवाळीनंतर मारलात आणि जवळपास जिनिंग असेल तर उघड्यावर मारू नका. हवेतली रुई ओल्या रंगावर बसते आणि पुन्हा पहिल्यापासून घासावं लागतं. बंद खोली, भिजवलेली फरशी, पहाटेची वेळ.

क्रोम करून घेताना खाली निकेल देणार का ते आधी विचारा. निकेलशिवायचं क्रोम पहिल्याच पावसाळ्यात सोलतं.

पहिली किक आणि पुढे

ऑइल पंपात हवा राहिली असेल तर नवं इंजिन पाच मिनिटांत कोरडं पडतं. पंपाची हवा काढा आणि तरीही पहिल्या टाकीत पेट्रोलमध्येच लिटरला ३० मिलिलिटरच्या आसपास टू-स्ट्रोक ऑइल मिसळा. पहिल्या दिवशी इंजिन दोन-तीन मिनिटं चालवायचं, पूर्ण थंड होऊ द्यायचं, असं चार-पाच वेळा. मग हेडचे नट पुन्हा कसायचे. पहिले पाचशे किलोमीटर अर्ध्या ॲक्सिलरेटरच्या आत, पण एकाच वेगाने लांबवर नाही, वेग बदलत. मे महिन्यात दुपारी हे रनिंग-इन (नवं इंजिन हळूहळू रुळवणं) करू नका, सकाळी दहाच्या आत परत या.

एक फाइल करा. कागदांच्या प्रती, खोलण्याआधीचे फोटो, बोरचं माप, भागांची बिलं, कोणता भाग मूळ आणि कोणता बाजारचा याची खरी यादी. माझ्या फाइलमध्ये सायलेन्सर आणि मडगार्ड बाजारचे आहेत, असं पहिल्याच पानावर लिहिलं आहे. पाच वर्षांवरच्या गाडीची विम्यातली किंमत तुम्ही आणि विमा कंपनी मिळून ठरवता, तिथेही हीच फाइल बोलते.

विकलीत तर चावी देण्याआधी नाव बदलण्याचे कागद दाखल करा. नोंद ज्याच्या नावावर, अपघाताची भरपाई त्याच्यावर, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. “करून घेईन नंतर” म्हणणारा ओळखीचा असला तरी थांबा.

आणि विकायची नसेल तर पावसाळ्यात तिला कोठ्यात ठेवू नका. शेणामुताच्या वाफेने क्रोम आणि वायरिंग दोन्ही जातं. घराच्या ओसरीत, लाकडी फळीवर, मधल्या स्टँडवर उभी करा. महिनाभर चालणार नसेल तर टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करा, प्लगच्या भोकातून दोन चमचे टू-स्ट्रोक ऑइल घालून किक हळू दोनदा फिरवा. सायलेन्सरच्या तोंडात फडक्याचा बोळा घाला म्हणजे उंदीर शिरत नाही, आणि त्याला लाल दोरा बांधून हँडलवर अडकवा. सुरू करताना तो काढायची आठवण राहते.